शेवटचा संशय बघणाऱ्यावर

चाचा कॉम्प्युटरच्या पडद्यावर टॉवेल टाकून काम करायचे. निळ्या चौकड्यांचा, दोरीवर वाळत घालतात तसला साधा टॉवेल. प्रोग्राममधली चूक सापडत नसली की ते उठायचे, खिडकीच्या गजावरचा टॉवेल काढायचे, पडदा नीट झाकायचे आणि मगच डोळ्यांवर चष्मा चढवायचे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि संध्याकाळी तुळजापूरला घरी जाऊन आईला म्हटलं, की मी कुठल्या तरी वेड्यांच्यात जाऊन पडलेय.

ऑफिस म्हणजे धाराशिवच्या बसस्टँडजवळ बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून फवारणीच्या औषधांचा वास वर यायचा. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम लिहायचो. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध मोजलं जातं, फॅट तपासलं जातं आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ते उमटतं. चित्रं नाहीत, माऊस नाही, नुसती अक्षरं, चौकटी आणि बाणांची बटणं. पुण्याहून आलेल्या माझ्या मैत्रिणीला ते बघून हसू आवरेना. पण धुळीत, ओल्या हातांनी आणि येऊन-जाऊन असणाऱ्या विजेवर तेच टिकायचं.

चाचा तसे कुणाचेच चाचा नव्हते. ऑफिसात सगळे त्यांना चाचा म्हणायचे, अगदी आमचे मालकसुद्धा, आणि मालक वयानं त्यांच्यापेक्षा मोठे होते. उंच, किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी, खिशाला शाईचा डाग. शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचे तेवढा वेळ सोडला तर खुर्ची सोडायचे नाहीत. मी पडद्याकडं डोळे बारीक करून बघत बसले की मागून आवाज यायचा, "पडद्याला काय विचारतीस, बेटी? त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. सांगणाऱ्याला धर."

सांगणाऱ्याला धरायची त्यांची एक रीत होती. प्रोग्राम बिघडला की एरवी लोक मध्येच काहीतरी छापून बघतात, इथवर आला, इथं अडला. आमच्या प्रोग्रामचं तसं नव्हतं. तो अख्खा पडदाच वापरायचा. मध्ये एक शब्द जरी छापला तरी चौकट विस्कटायची आणि मूळ चूक बाजूलाच राहायची. पण पडद्यावर अक्षरं मांडणारी जी लायब्ररी, म्हणजे आमचे सगळे प्रोग्राम वापरायचे तो आयता कोडचा संच, तिच्यातच पाळत ठेवायची सोय होती. ती चालू केली, की प्रोग्रामनं लायब्ररीला जे जे सांगितलं ते सगळं एका वेगळ्या फाईलीत ओळीनं उतरायचं. अमुक जागी जा. उत्तर, ओके. अमुक अक्षर लिही. ओके. बटणाची वाट बघ. कुणी दाबलं तर त्या बटणाचं नाव, आणि ठरलेल्या वेळात कुणीच नाही दाबलं तर एरर. ह्याला ट्रेस म्हणतात. चाचा तो कागदावर छापून घ्यायचे आणि शाळेतली लाकडी पट्टी ओळीखाली सरकवत, ओठ हलवत वाचायचे. तेव्हा त्यांच्याशी बोललेलं चालायचं नाही.

ट्रेसमध्ये प्रत्येक कामाच्या दोन ओळी असतात. काम निघालं ही एक, आणि उत्तर घेऊन परतलं ही दुसरी. पहिली आहे आणि दुसरी नाही, म्हणजे प्रोग्राम तिथंच कुठंतरी मेला, नाहीतर अजून वाट बघत उभा आहे. चाचा हाच नियम माणसांनाही लावायचे. खाली चहा सांगायला गेलेल्यानं वर आल्यावर "आलो" म्हटलंच पाहिजे. संध्याकाळी निघताना "येते" म्हटल्याशिवाय जिना उतरले, तर अर्ध्या जिन्यातून परत बोलवायचे. निघताना "जाते" म्हणायचं नाही हे मला घरूनच माहीत होतं, पण चाचांचं प्रकरण शुभ-अशुभाचं नव्हतं. त्यांना दुसरी ओळ हवी असायची. एकदा येरमाळ्याच्या केंद्रावर ते ट्रेस बंद करायला विसरले. फाईल फुगत गेली, डिस्क भरली आणि ऐन यात्रेच्या गर्दीत केंद्राचा पडदा थिजला. तिथल्या चेअरमननं फोनवर चाचांचा असा काही उद्धार केला की फोन कानाला न लावताही आम्हाला ऐकू येत होतं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोलून झालं का, साहेब? झालं म्हणा, म्हंजे ठेवतो."

दुपारी डबा खाताना मी त्यांना आमच्या लॉजच्या गोष्टी सांगायचे. तुळजापुरात वडिलांचं लॉज आहे. सोलापूरच्या बसमधून उतरलेली माणसं दिवसभर आमच्या बाकड्यावर येऊन बसतात. कुणी दर्शन होईपर्यंत टेकलेला असतो, कुणी खोली घेणार असतो. वडील तोंडाकडं बघत नाहीत, पिशवीकडं बघतात. पिशवी मांडीवर असली की पाव्हणा निघणार, खाली ठेवली की मुक्कामी. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. चाचांना हे फार आवडलं. "तुझे वालिद बी ट्रेसच वाचतेत की," ते म्हणाले, आणि पुढं कितीतरी दिवस ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघत राहिले.

तेरच्या केंद्राची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिथल्या ऑपरेटरची तक्रार होती, की फॅट कमी लागल्यावर ओळ लाल व्हायला हवी, ती होत नाही. चाचा आणि मी एसटीनं तेरला गेलो. ट्रेस लावला. लाल रंग सांगितलेला होता, उत्तर ओके होतं, आणि मला तर ती ओळ लालभडक दिसत होती. ऑपरेटर हट्टाला पेटला. चाचा उठून बाहेर गेले आणि शेजारच्या अंगणातून वाळत घातलेल्या मिरच्यांची ओंजळ घेऊन आले. त्यात दोन-चार हिरव्या मिसळल्या आणि म्हणाले, "लाल तेवढ्या येगळ्या करा." ऑपरेटरचा हात मिरच्यांवर घुटमळला.

"म्हंजे माझे डोळे खराब म्हनता व्हय?" तो चिडून म्हणाला.

"खराब कशाला? येगळे हायत. मी ओळीच्या पुढं चांदणी टाकून देतो. चांदणी दिसली की समजायचं."

परतीच्या बसमध्ये चाचा खुशीत होते. संशय घ्यायचा त्यांचा एक क्रम होता, तो त्यांनी मला पुन्हा ऐकवला. आधी नव्या ओळीवर, मग जुन्या ओळीवर, मग मशीनवर, आणि सगळ्यात शेवटी बघणाऱ्यावर. "बघणाऱ्यावर संशय घ्यायला लई जड जातं, बेटी. तो समोर बसलेला असतो. चहा पाजतो." मी हसले होते.

थंडी सुरू होत होती तेव्हाची गोष्ट. चाचांनी एका सकाळी मला हाक मारली.

"बेटी, डावा कॉलम कोण पुसतंय?"

डाव्या कॉलममध्ये सभासदांची नावं असायची. मी जाऊन बघितलं. नावं जागच्या जागी होती. तसं सांगितलं तर म्हणाले, तू आलीस की येतेत, गेलीस की जातेत. त्यांनी केबल बदलली. पडदा बदलला. मग माझ्या मशीनवर येऊन बसले, मला त्यांच्या मशीनवर बसवलं. माझ्या मशीनवरही त्यांचा डावा कॉलम जात होता, आणि त्यांच्या जागेवर मला तो स्वच्छ दिसत होता. ट्रेस काढला, पट्टी लावून वाचला, सगळीकडं ओके. नावं लिहा म्हणून सांगितलेलं होतं, लिहिली म्हणून उत्तर आलेलं होतं. कुणीही काही पुसलेलं नव्हतं.

मग त्यांनी टॉवेल वापरायचं सोडून दिलं. पडद्याला कवडीची किंमत न देणारा माणूस दिवसभर पडद्याकडं टक लावून बसायला लागला. मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहा तसाच गार होऊन सायीचा व्हायचा, आणि ते विचारायचे, चहा आला न्हाय का आज? दारातून येताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. ते चौकटीकडं असं बघायचे, जणू ती आत्ता तिथं आली.

एकदा भर दुपारी वीज गेली. पंखा थांबला, खालच्या दुकानातला रेडिओ थांबला. मी आतल्या खोलीत होते. बाहेरून चाचांचा आवाज आला, "बसा, बसा. होतंच आलंय." गिऱ्हाईक असेल म्हणून मी पाणी घेऊन बाहेर आले. चाचांच्या डाव्या बाजूची खुर्ची रिकामी होती. खिडकीतून ऊन आलं होतं, खुर्चीचा वेत स्वच्छ दिसत होता.

"कोण आलंय, चाचा?"

"हे काय, पाव्हणं बसलेत न्हाय का," म्हणून त्यांनी मान डावीकडं वळवली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "सरकला," ते हळूच म्हणाले.

मी तांब्या तसाच धरून उभी राहिले. चाचा अगदी शांतपणे, कुठल्या तरी प्रोग्रामबद्दल सांगावं तसं सांगत होते. चार-सहा दिवस झाले येतोय. मान वळवली की तोही तेवढाच सरकतो, कडेलाच राहतो. तोंड कधी दिसत नाही. गुडघे दिसतात, आणि मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. बोलत नाही, हलत नाही. वाट बघत असल्यासारखा बसून असतो.

"चाचा, खुर्ची रिकामी आहे," मी म्हटलं.

"मला ठाव हाय. हात फिरवून दावू नको. पण दिसतोय, त्याला मी काय करू?"

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पिशवी मांडीवर आहे ना? मग निघणार आहेत." चाचांना ते पटलं असावं. त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. मी त्यांच्या उजव्या बाजूनं दिलं. त्या दिवसापासून त्या खुर्चीजवळून जाताना मी नकळत अंग चोरून जायला लागले. आजही सांगताना लाज वाटत नाही. तुम्हीही गेला असता.

दोन दिवसांनी चाची डबा घेऊन आल्या. एरवी डबा चाचा सोबत आणायचे, त्यामुळं मी ओळखलं, की त्या माझ्याशी बोलायला आल्यात. जिन्यात मला थांबवलं. "दोन भाकऱ्या वाढल्या तर एकच खातेत गं. उजवीकडची. डावीकडची भाजी तशीच. म्या ताट फिरवून ठेवलं, तर म्हणतेत, ही कवा वाढलीस?" मोहल्ल्यातल्या बायका म्हणत होत्या, बाहेरचं लागलंय. दर्ग्यातून आणलेला धागा त्यांनी चाचांच्या दंडाला बांधला होता. चाचांनी तो बांधून घेतला होता आणि विचारलं होतं, बांधल्यावर उत्तर काय येतं? "तुझं ऐकतेत ते," चाची म्हणाल्या. "दवाखान्यात न्हाय म्हणतेत, कॉम्प्युटर बिघडलाय म्हणतेत. तू सांग ना." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पदरानं पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

मी सांगितलं. चाचा म्हणाले, "दवाखान्यात मागनं. आधी ट्रेस पुरा करू."

त्यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. पडद्याच्या मधोमध एक ठिपका. त्या ठिपक्यावरून नजर काढायची नाही. कुठंतरी एक चांदणी उमटेल आणि विझेल. दिसली तर बटण दाबायचं. ट्रेस चालू, म्हणजे चांदणी कुठं काढली, निघाली की नाही, बटण दाबलं की नाही, सगळं लिहिलं जाणार. मला त्यांनी शेजारी बसवलं, उजवीकडं.

उजवीकडं चांदणी उमटली. बटण. पुन्हा उजवीकडं, खाली. बटण. मग डावीकडं उमटली, माझ्यासमोर लखलखीत, आणि चाचांचं बोट हललं नाही. विझली. पुन्हा डावीकडं, अगदी ठिपक्याला खेटून. बोट हललं नाही. त्यांचा चेहरा निवांत होता, कारण त्यांच्या लेखी काही घडतच नव्हतं. एकामागून एक चांदण्या त्या बाजूला उमटत होत्या आणि विझत होत्या, आणि त्या खोलीत त्या मी एकटी बघत होते. माझा हात बटणापासून वीतभर होता. आपणच दाबावं असं वाटलं. चुका शोधण्याचा पगार घेणारी मी मनातल्या मनात भवानीला विनवत होते, आई, प्रोग्राममध्ये चूक निघू दे.

चाचांनी कागद छापला, पण ओळींची सुरुवात त्यांना सापडेना. मग मी वाचलं. चांदणी, उजवीकडं, ओके, बटण आलं. चांदणी, डावीकडं, ओके, एरर. चांदणी, डावीकडं, ओके, एरर. चाचा पट्टी हातात धरून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी खिडकीच्या गजावरचा टॉवेल मागितला. घडी करून उजव्या डोळ्यावर धरला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. मग डाव्या डोळ्यावर धरून पुन्हा. मी वाचलं. दोन्ही वेळा तेच आलं, जवळजवळ ओळीला ओळ.

"दोन येगयेगळे प्रोग्राम एकाच जागी पडत असले, तर काय समजायचं?" त्यांनी विचारलं.

उत्तर मला येत होतं.

"बोल की. म्याच शिकवलंय."

"चूक प्रोग्राममध्ये नाही. दोघं जी लायब्ररी वापरतात, तिच्यात आहे."

"शाब्बास. म्हंजे डोळे बरोबर हायत." त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून मागपर्यंत हळूहळू हात फिरवला. "नवी ओळ बघितली. जुनी बघितली. मशीन बघितलं. आता उरलो मी." मग डावीकडच्या खुर्चीकडं न वळताच म्हणाले, "ऐकलं का, पाव्हणं?"

मी रडले. चाचांनी रडू दिलं आणि रडून झाल्यावर विचारलं, "झालं? झालं म्हण."

सोलापूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या मागच्या भागात, उजव्या अंगाला, जिथं दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं दिसणं पोचतं तिथं, गाठ होती. त्याआधी त्यांनी एका यंत्रापुढं चाचांना बसवून ठिपका आणि दिव्यांची तपासणी केली होती. चाचा बाहेर येऊन मला म्हणाले, "अगं, हे तर आपलंच हाय!" आणि तशातसुद्धा त्यांना आनंद झाला होता. पाव्हण्याबद्दल डॉक्टर म्हणाले, असं होतं, जिकडून काही दिसत नाही तिकडं मेंदू आपणच काहीतरी मांडतो. चाचांनी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरनं?" डॉक्टर म्हणाले, कुणाच्याच नाही. "म्हंजे त्याचा ट्रेस न्हाय," चाचा म्हणाले.

ऑपरेशनला नेताना त्यांनी चाचींकडं बघितलं, मग मान बरीच वळवून मला शोधलं आणि म्हणाले, "येतो." चाची आणि मी बाहेर बसून होतो. तसा वेळ मी कधी घालवलेला नाही आणि देवानं पुन्हा घालवायला लावू नये. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता यायला लागलं तेव्हा ओठ हलले. चाचींना वाटलं पाणी मागतायत. मला कळलं. ते म्हणत होते, "आलो."

डावी बाजू परत आली नाही. पाव्हणा मात्र गेला. चाचा कामावर परतले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, खुर्ची मोकळी झाली. मला वाटलं ते खूष असतील. पण ते पट्टी बोटांत फिरवत बसले होते. "येतो म्हणाला न्हाय गं," ते म्हणाले. "ओळ उघडीच राहिली." आणि जरा वेळानं, "तिकडं आता काहीच न्हाय. अंधार बी न्हाय. तू तिकडं बसत जा, बेटी. दिसणार न्हाईस. पण हाईस एवढं ठाव असलं की बास." मी माझं टेबल त्यांच्या डावीकडं ओढून घेतलं. तिथं बसून बोलले की ते मान न वळवता उत्तर द्यायचे. माझ्याकडं न बघता माझ्याशी बोलणाऱ्या त्या माणसाची मला सवय झाली.

वर्ष गेलं, त्यावर पावसाळा गेला. प्रोग्रामची नवी आवृत्ती तयार झाली आणि ती बसवायला आम्ही पुन्हा तेरला गेलो. मिरच्यांवाला ऑपरेटर चाचांना बघून खूष झाला, चहा सांगितला आणि किटल्या धुवायला मागच्या बाजूला गेला. पडद्यासमोर खुर्च्या नव्हत्या, एक लांब बाकडं होतं. चाचा बसले. मी सवयीनं त्यांच्या डावीकडं टेकले.

"जरा सरकून बस, बेटी," ते म्हणाले.

बाकड्यावर दोघांना भरपूर जागा होती. तरी मी सरकले.

काम नीट चाललं होतं. नावं आली, आकडे आले, चांदण्या आल्या. मी मनातून मोकळी होत होते तेवढ्यात चाचा म्हणाले, "उजव्या कोपऱ्यातलं शेवटचं अक्षर गेलं."

उजव्या. डावी बाजू गेली होती, आता उजवी. पडद्याकडं बघायची माझी हिंमत होईना. मी आधी ट्रेस चालू केला, प्रोग्राम पुन्हा चालवला आणि फाईल उघडली. ओके, ओके, ओके. प्रत्येक ओके म्हणजे बिघाड पुन्हा चाचांमध्येच. आणि मग शेवटच्या ओळीवर, एकटंच, एरर.

मी पडद्याकडं बघितलं. खालचा उजवा कोपरा रिकामा होता. तारखेचा शेवटचा आकडा तिथं नव्हता.

"मलाही दिसत नाही, चाचा!" मी ओरडलेच. "खरंच नाही दिसत!"

चूक आमचीच होती. पडद्याच्या शेवटच्या कोपऱ्यात, शेवटच्या घरात अक्षर लिहिलं, की लायब्ररी ते लिहिते, पण उत्तर एरर देते, कारण त्यापुढं सरकायला जागा नसते. नव्या प्रोग्रामनं ते उत्तर खरं मानून अक्षर पुसून टाकलं होतं. इतकी मूर्ख, इतकी साधी चूक. भवानीनं तेव्हा ऐकलं नव्हतं, आत्ता ऐकलं होतं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

चाचाही हसले. "मग झालं की. तिघांनाबी दिसत न्हाय, म्हंजे चूक पक्की."

मागं किटल्यांवर पाणी पडल्याचा आवाज येत होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी बाकड्याकडं बघितलं. माझ्या आणि चाचांच्या मध्ये, मी सरकून दिली होती तेवढी जागा मोकळी होती.

"कधीपासून, चाचा?"

"परवापासनं. चाचीला सांगू नको."

मी त्या जागेकडं बघत राहिले. तिथं बाकड्याचं लाकूड होतं आणि बसून बसून त्याला आलेली झिलई होती.

"पिशवी मांडीवरच आहे ना?" मी विचारलं.

चाचांनी मान वळवली नाही. समोर बघतच ते जरा वेळ थांबले, कडेचं काहीतरी नीट बघून घ्यावं तसे.

"न्हाय," ते म्हणाले. "खाली ठेवलीय."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून चाचांचा आवाज आला, "कुठं निघालीस? सांगून जा."

"येते, चाचा," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन सोलापूरच्या डॉक्टरांना फोन लावला.